दोन प्रश्नचिन्हं

रात्री पावणेदोनला फोन आला. ग्राहकाकडचा आमचा प्रोग्रॅम पडला होता आणि मागे दोनच शब्द ठेवून गेला होता: सेगमेंटेशन फॉल्ट. म्हणजे त्याने आपल्या नसलेल्या मेमरीत हात घातला आणि लिनक्सने त्याला तिथेच संपवलं. हात नेमका कुठे घातला, याचा पत्ता नाही.

कोअर फाइल शोधली, तर नव्हतीच. त्या मशिनवर कोअरच्या आकाराची मर्यादा शून्य होती. बऱ्याच ठिकाणी ती तशीच असते. 'युलिमिट मायनस सी अनलिमिटेड' करून ठेवलं आणि प्रोग्रॅम पुन्हा पडायची वाट बघत बसले. आपलाच प्रोग्रॅम मरावा म्हणून देव पाण्यात घालायचे, असला हा धंदा.

चौथ्या दिवशी पडला. कोअर म्हणजे मरतेवेळच्या मेमरीची नक्कल. ती जीडीबीत उघडून 'बीटी' टाइप केलं. सरसर ओळी उतरल्या आणि आमच्या कोडच्या प्रत्येक ओळीत फंक्शनच्या नावाच्या जागी दोन प्रश्नचिन्हं! फाइल लहान व्हावी म्हणून आम्हीच स्ट्रिप चालवून नावं पुसली होती.

मग मी शहाणपणा केला. तोच कोड 'मायनस जी' लावून माझ्या लॅपटॉपवर बिल्ड केला आणि ती नावं जुन्या कोअरला जोडली. प्रश्नचिन्हं गेली, छान नावं आली. अर्धा दिवस मी एका निरपराध फंक्शनची उलटतपासणी करत होते. शेजारच्या टेबलावरचे काका (आमच्याकडे सी लिहिणाऱ्या सगळ्यांना काकाच म्हणतात) म्हणाले, "अगं, बिल्ड आयडी जुळतोय का?" नव्हता जुळत. माझा कंपायलर वेगळा, म्हणून पत्ते वेगळे. प्रश्नचिन्हं परवडली, ती निदान खोटं बोलत नाहीत.

पुढचं बिल्ड 'मायनस जी'सकट केलं. त्याने प्रोग्रॅम मंदावत नाही, फक्त फाइल फुगते. नावांची फाइल ऑब्जकॉपीने वेगळी काढून जपली आणि मगच स्ट्रिप केलं. यावेळचा ट्रेस वाचता आला. शून्य क्रमांकाची ओळ मात्र मॅलॉकच्या पोटातली निघाली. तिथे प्रेत सापडलं होतं, खून दुसरीकडेच झाला होता. ॲड्रेस सॅनिटायझर लावून चाचण्या चालवल्या. वेग निम्म्यावर आला, पण दोन ट्रेस मिळाले: मेमरी सोडली कुठे आणि नंतर वापरली कुठे.

दुरुस्ती एका ओळीची होती. तुमच्या सर्व्हरवर आज एवढं टाइप करून बघा: युलिमिट मायनस सी. शून्य दिसलं, तर आजच बदला.