आवाज थांबले, पण माणूस सावरला का?

कुंभवली-बोईसर पट्ट्यात कंपनीत पाळीवर जाणारा एखादा तरुण अचानक घरी बसतो, एकटाच पुटपुटतो, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात म्हणतो. घरचे आधी 'बाहेरचं' बघतात, डॉक्टरकडे उशिरा नेतात. स्किझोफ्रेनियाची तीव्रता रक्ततपासणीत दिसत नाही. ती बोलण्या-वागण्यावरून गुण देऊन मोजतात. हे गुण घरच्यांनाही समजायला हवेत, असे आम्हाला वाटते.

१९६२ ची 'बीपीआरएस' ही जुनी मोजपट्टी. तिच्या प्रचलित रूपात १८ लक्षणे आहेत, प्रत्येकाला १ ते ७ गुण. ती लवकर भरून होते. पण माणूस अबोल, निरुत्साही होतो ते तिच्यात थोडक्यातच येते. १९८७ च्या 'पॅन्स'मध्ये ३० बाबी आहेत: भास, संशय अशा ७, भावना आटणे, माणसांपासून तुटणे अशा ७, आणि चिंता, नैराश्य वगैरे सर्वसाधारण १६. इथे एक गफलत होते. प्रत्येक बाबीला किमान १ गुण असल्याने काहीही लक्षण नसलेल्या माणसाचेही ३० गुण होतात. म्हणून ९० वरून ६० वर येणे म्हणजे एक तृतीयांश नव्हे, निम्मी सुधारणा.

या दोन्ही पट्ट्या लक्षणे मोजतात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मात्र भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केलेली 'आयडियाज' वापरतात. स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद व समज, कामधंदा या चार बाबींना ० ते ४ गुण. शिवाय आजाराच्या कालावधीचे १ ते ४. एकूण २० पैकी ७ झाले की अपंगत्व ४० टक्के धरतात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील आरक्षणासारख्या लाभांची वाट तिथून खुली होते. दहा वर्षांहून जुन्या आजाराचे ४ गुण आधीच जमा असतात. मग चार बाबींत मिळून ३ पुरतात. दोन वर्षांच्या आतला आजार असेल तर ६ लागतात.

नेमके इथेच आपण लाजेपायी चुकतो. 'आता बरा आहे, सगळं करतो' असे आई सांगते. आवाज थांबलेले असतात, हे खरे. पण आंघोळीला चारदा हाक मारावी लागते, बाजारातून सुटे पैसे नीट आणता येत नाहीत, कामावर आठवडाभर टिकत नाही, हे ती सांगतच नाही आणि गुण कमी पडतात. वाढवून सांगायचे नाही, झाकायचेही नाही. तपासणीआधी महिनाभर रोजच्या अशा गोष्टी वहीत तारखेसह लिहाव्यात आणि ती वही, जुन्या चिठ्ठ्यांसकट, सोबत न्यावी.