स्ट्रोकनंतरचा जिना: जोर आहे, वेग कुठंय?

आज कोडिंग नाही, जिन्याबद्दल बोलू.

आमचं घर लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. चौदा महिन्यांपूर्वी बाबांना स्ट्रोक झाला, डावी बाजू लुळी पडली. आता काठी घेऊन घरात फिरतात, पण चाळीखाली उतरणं बंद. नातेवाईक म्हणायचे, "सहा महिन्यांत आलं ते आलं, आता जपायचं." मलाही तेच वाटायचं.

मग फिजिओ मॅडमनी बाबांना खुर्चीतून उठायला लावलं. उठले, पण फार हळू. म्हणजे पायात जोर आहे, वेग नाही. बीटेकवाल्यांना आठवेल, पॉवर म्हणजे बल गुणिले वेग. स्ट्रोकनंतर मेंदूचा सिग्नल स्नायूपर्यंत कमी आणि उशिरा पोचतो, त्यात न वापरल्यामुळे स्नायू बारीक होतो. तोल गेला तर पाय पटकन टाकावा लागतो ना, तिथे हे नडतं. दादरला लोकलमधून उतरून बघा, कळेल.

रमतगमत चालून हे पुरेसं सुधारत नाही. 2023 मध्ये 'जामा न्यूरॉलॉजी'त एक अमेरिकन अभ्यास आला. 55 जण, सगळ्यांच्या स्ट्रोकला सहा महिने तरी उलटलेले. एक गट मध्यम वेगाने चालला. दुसरा 30 सेकंद जमेल तेवढ्या जोरात, मग थोडी विश्रांती, पुन्हा जोरात. 12 आठवड्यांनी सहा मिनिटांत चालायचं अंतर पहिल्या गटात सरासरी 27 मीटरने वाढलं, दुसऱ्यात 71! (इथे मोजलं ते चालणं, थेट पॉवर नाही, हे लक्षात घ्या.)

पण हे ऐकून आजच कुणाला पळवू नका, प्लीज. तिथे आधी हृदयाची तपासणी होती, पडू नये म्हणून अंगाला पट्टे होते. आणि वेळही महत्त्वाची. 2015 च्या 'लॅन्सेट'मधल्या 2104 रुग्णांच्या अभ्यासात, पहिल्या 24 तासांतच उठवून जास्त हालचाल करवलेल्यांचा निकाल तीन महिन्यांनी थोडा वाईटच निघाला.

विचारायला लांब जायला नको. परळला केईएम आहे, हाजी अलीला पुनर्वसनाची केंद्रीय संस्था 1955 पासून आहे.

बाबांचं सध्या आठवड्यातून तीनदा चालू आहे: ईसीजी, बीपी बघून, मॅडम शेजारी उभ्या, खुर्चीतून झटकन उठायचं, सावकाश बसायचं. "मला काय ऑलिंपिकला पाठवताय?" ही रोजची कुरकुर. परवा पहिल्या मजल्यापर्यंत उतरले. वर येताना दोनदा बसले, आणि शेजारच्या काकूंकडे चहा पिऊनच घरी आले.