सुतळीने मोजलेली अन्नसाखळी

गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. ही पाच नावे आणि त्यांच्यामधले चार बाण शाळेत गेलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. नववीच्या विज्ञानात परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाहावर स्वतंत्र धडाही आहे. तरीही मुलांच्या मनात राहते ती कोण कोणाला खातो याची यादी. ऊर्जा किती होती, पुढच्याला किती मिळाली आणि बाकीची गेली कुठे, हे प्रश्न वर्गात बहुतेक वेळा उरकले जातात. मला वाटते, अन्नसाखळी शिकवायची तर आधी मोजायला लावले पाहिजे.

मुलांचा गोंधळ कुठे होतो ते त्यांच्या वहीतल्या बाणांवरून कळते. पुष्कळ मुले बाण सापाकडून बेडकाकडे काढतात. साप बेडकावर झडप घालतो, म्हणून बाणही तिकडेच! हे खोडून लाल शाईने बरोबर करून देण्याआधी क्षणभर थांबावे. त्या मुलाला शिकार दिसते आहे, ऊर्जा दिसत नाही. बेडकाच्या शरीरातली ऊर्जा सापाच्या शरीरात गेली, म्हणून टोक सापाकडे, हे त्याला स्वतःला सांगता आले की बाण आपोआप सरळ होतो. दुसरी समजूत याहून चिवट आहे. साखळीत वर जावे तशी ऊर्जा साठत जाते आणि वाघ सगळ्यांत ताकदवान, म्हणजे सगळ्यांत जास्त ऊर्जा त्याच्याकडे, असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात सगळे याच्या नेमके उलट आहे, आणि ते नुसते सांगून पटत नाही.

ते पटवण्यासाठी एक जुना, फार सुंदर अभ्यास हाताशी आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात सिल्व्हर स्प्रिंग्ज नावाचे झऱ्याचे पाणी आहे. ते इतके नितळ, की काचेच्या तळाच्या होडीतून पर्यटक खालच्या पाणवनस्पती, कासवे आणि मासे बघत फिरतात. हॉवर्ड ओडम या परिसंस्थाशास्त्रज्ञाने तिथल्या ऊर्जेचा जमाखर्च मांडला आणि 1957 मध्ये प्रसिद्ध केला. एका चौरस मीटरवर वर्षभरात किती किलोकॅलरी ऊर्जा आली आणि ती कुठे कुठे गेली, असा हा हिशेब आहे.

हे आकडे फळ्यावर लिहू नयेत. मुलांना सुतळीचे बंडल, कात्री आणि मोजपट्टी देऊन पटांगणात न्यावे. एक किलोकॅलरी म्हणजे एक मिलिमीटर, एवढेच प्रमाण ठरवावे. वनस्पतींनी वर्षभरात प्रकाशसंश्लेषणातून बांधलेली ऊर्जा 20,810 किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ 21 मीटर सुतळी. त्यातला मोठा भाग वनस्पतींच्या स्वतःच्या श्वसनातच खर्च होतो आणि 8,833 उरतात, पावणेनऊ मीटरच्या थोडे वर. वनस्पती खाणाऱ्या प्राण्यांपर्यंत पोचतात 3,368, म्हणजे साडेतीन मीटरही नाहीत. त्यांना खाणाऱ्यांकडे 383, म्हणजे 38 सेंटिमीटर. आणि या मांसाहारींनाही खाणाऱ्या सर्वांत वरच्या माशांच्या वाट्याला 21. दोन सेंटिमीटरचा तो तुकडा ज्या मुलाच्या हातात येतो, त्याने तो वर धरून सगळ्यांना दाखवावा. वाघाबद्दलची समजूत तिथेच ढासळते.

मग विचारावे, याच मापाने सूर्यप्रकाशाची सुतळी किती लांब लागेल? त्या एका चौरस मीटरवर वर्षभरात सुमारे 17 लाख किलोकॅलरी पोचत होत्या. म्हणजे 1.7 किलोमीटर. सुतळी शाळेच्या फाटकातून बाहेर पडून बऱ्याच गावांची वेस ओलांडेल. त्यातली 410 मीटर पानांनी शोषली आणि तिचे अन्न झाले 21 मीटरचे. सूर्यापासून पानापर्यंतच्या या पहिल्याच पायरीवर एवढी घट होते, आणि मुले चित्रात सूर्य काढायलाच विसरतात.

पुढचा प्रश्न मुले स्वतःच विचारतात: बाकीची सुतळी गेली कुठे? याचे उत्तर गावात रोज हाताला लागते. शेळीच्या पोटाला हात लावून बघा, ते उबदार असते. ती ऊब म्हणजे तिने खाल्लेल्या पाल्यातली ऊर्जा, आणि ती हवेत निघून चालली आहे. चालणे, रवंथ, हृदयाचे ठोके, या सगळ्याचा शेवट उष्णतेतच होतो, आणि ती उष्णता कोणत्याही झाडाला पुन्हा अन्न बनवायला वापरता येत नाही. म्हणून ऊर्जेला परतीची वाट नाही. कार्बन, नायट्रोजन, पाणी फिरून मातीत आणि हवेत येतात, ऊर्जा मात्र रोज नव्याने सूर्याकडून यावी लागते. सस्तन प्राणी आणि पक्षी शरीर गरम ठेवण्यात इतके खर्चतात, की पचवलेल्या अन्नातले जेमतेम एक ते तीन टक्के त्यांच्या वाढीला लागते. शरीर तापवण्याचा खर्च नसलेल्या कीटकांमध्ये हे प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

प्रत्येक पायरीवर सुमारे दहा टक्के ऊर्जाच पुढे जाते, हा पाठ्यपुस्तकातला नियमही याच सुतळीवर तपासून घ्यावा. सिल्व्हर स्प्रिंग्जमध्ये वनस्पतींकडून शाकाहारी प्राण्यांकडे 16 टक्के पुढे गेले, त्यानंतरच्या पायरीवर 11, आणि शेवटच्या पायरीवर साडेपाच. दहा हा ढोबळ आकडा आहे. परीक्षेत तो लिहायचाच, पण निसर्ग तो पाठ करून चालत नाही हे मुलांना दिसू द्यावे. या सगळ्या विचाराचा पाया घातला तो रेमंड लिंडेमन या तरुणाने, मिनेसोटातल्या एका छोट्या दलदलीच्या तळ्याचा अभ्यास करून. त्याचा निबंध परीक्षकांनी आधी नाकारला होता. 1942 मध्ये तो छापून आला तेव्हा लिंडेमन हयात नव्हता. वयाच्या 26व्या वर्षीच तो गेला.

ओडमच्या हिशेबातल्या दोन ओळी मला विशेष मोलाच्या वाटतात. पहिली विघटकांची. जीवाणू आणि बुरशी यांच्याकडे 5,060 किलोकॅलरी गेल्या होत्या. पाच मीटर सुतळी! शाकाहारी प्राण्यांच्या तुकड्यापेक्षा ती दीड मीटरहून जास्त लांब आहे. आपल्या चित्रांत विघटक कोपऱ्यात, एखाद्या अळंबीच्या रूपाने, जागा उरली तर येतात. सुतळीने मोजले की त्यांची खरी जागा कळते. शाळेच्या आवारातला पालापाचोळा जाळण्याऐवजी एका कोपऱ्यात साठवला आणि पावसाळा उलटल्यावर उकरून बघितला, तर गांडुळे, वाणी, बुरशीचे पांढरे तंतू, सगळी मंडळी कामावर हजर असतात.

दुसरी ओळ बाहेरून आलेल्या अन्नाची, 486 किलोकॅलरी. हा होता पर्यटकांनी माशांना टाकलेला पाव. मांसाहारी प्राण्यांच्या सगळ्या वाट्याहून हा पाव जास्त भरतो.

ही ओळ वाचली की मला अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले परिसर आठवतो. तिथे ऊस आहे, वस्त्या आहेत, चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे आहेत, आणि बिबटेही आहेत. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. विष्ठा तपासली तेव्हा दिसले, की त्यांच्या भक्ष्याच्या वजनात 87 टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. गवत, हरीण, वाघ ही साखळी तिथल्या मुलाने का म्हणून पाठ करावी? त्याच्या दाराबाहेरची साखळी कुत्रा आणि बिबट्याची आहे.

त्याला विचारावे, कुत्र्याच्या आधी कोण? उत्तरे भराभर येतील: उष्टे अन्न, उकिरडा, मेलेली जनावरे, पोल्ट्रीतल्या टाकून दिलेल्या कोंबड्या. कोंबडीच्या आधी काय? मका आणि सोयाबीनची पेंड. ते सोयाबीन लातूरकडचे किंवा विदर्भातलेही असेल. म्हणजे एका जिल्ह्यातल्या शेतावर पडलेले ऊन दुसऱ्या जिल्ह्यातल्या बिबट्यापर्यंत पोचते, आणि मधली वाहतूक ट्रकने झालेली असते. अशी साखळी काढायला देताना मुलांना वहीच्या पानाची डावी बाजू मोकळी ठेवायला सांगावी, कारण बरेच बाण गावाच्या शिवेबाहेरून येणार आहेत.