बैलगाडा शर्यत

बैलगाडा शर्यत : बैल जुंपलेला हलका गाडा कमीत कमी वेळात ठराविक अंतर पार करतो, अशी ग्रामीण महाराष्ट्रातील मैदानी शर्यत. पुणे जिल्ह्यातील हवेली, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर व शिरूर या तालुक्यांत तिचा विशेष प्रसार आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील मूळ गावांतही कुस्ती व कबड्डी यांच्या बरोबरीने ती लोकप्रिय आहे.

शर्यती बहुधा ग्रामदैवताच्या यात्रेनिमित्त, विशेषतः चैत्र-वैशाखात भरतात. धावपट्टी चढाची असून तिला ‘घाट’ म्हणतात. खेड तालुक्यातील निमगाव येथील खंडोबाचा घाट प्रसिद्ध आहे. सांगली-सातारा भागात दोन बैलांच्या अनेक गाड्या एकाच वेळी धावतात. पुणे जिल्ह्यात मात्र एका वेळी एकच गाडा सुटतो. त्यास दोन जोड्यांनी चार बैल जुंपतात व पुढे घोडेस्वार दौडतो. ही खरी स्पर्धा घड्याळाशी असते. प्रत्येक धावेस ‘बारी’ म्हणतात. चांगली बारी अवघ्या काही सेकंदांत संपत असल्याने सेकंदाचे अंशही मोजले जातात. दिवसातील सर्वांत वेगवान गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो. शर्यतीसाठी चपळ खिलार बैलांस पसंती असते. त्यांना सहसा शेतकामास न लावता केवळ धावण्यासाठी जोपासतात.

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना स्थापन झाला. १९६० नंतर औद्योगिक वसाहत वाढली, १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली आणि पुढे चाकण परिसरात वाहन उद्योग एकवटला. बऱ्याच शेतजमिनी कारखान्यांखाली व वसाहतींखाली गेल्या, तर उरलेल्या शेतीत बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली. शेतीतील उपयोग घटत गेला, तरी गावकीची ओळख व घराण्याची प्रतिष्ठा म्हणून शर्यतीचा बैल टिकून राहिला. चिखली येथे मे २०२२ मध्ये झालेल्या मोठ्या शर्यतीत बक्षिसे म्हणून जेसीबी यंत्र, ट्रॅक्टर व दुचाकी वाहने ठेवण्यात आली होती. ज्या यंत्रांनी बैलाला शेतीतून हटविले, तीच येथे त्याच्या धावेचे पारितोषिक ठरली.

बैलांना पराणी टोचणे, शेपटी पिरगाळणे, मारहाण करणे इ. प्रकारांमुळे शर्यतींवर आक्षेप घेण्यात आले. केंद्र शासनाने २०११ मध्ये प्रदर्शनार्थ वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निर्णयात बैलाची शरीररचना शर्यतीस योग्य नसल्याचे नमूद करून जल्लिकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील शर्यतींवरही बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमात दुरुस्ती केली. तथापि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे शर्यती बंदच राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना अंतरिम परवानगी दिली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्ती कायदा वैध ठरविला. नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी व बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक असून धावपट्टी १,००० मीटरपेक्षा अधिक लांब असू नये.

बंदीनंतर नियमबद्ध झालेल्या लोकक्रीडेचे उदाहरण अर्जेंटिनातही आढळते. तेथील ‘पातो’ हा घोडेस्वारांचा खेळ मूळात कातडी पिशवीतील बदकासाठी चाले. पातो म्हणजेच बदक. या हिंसक खेळावर १८२२ मध्ये ब्वेनस एअरीझ येथे बंदी आली. १९३७ मध्ये त्याचे नियम तयार झाले आणि १९५३ मध्ये त्यास राष्ट्रीय खेळाचा दर्जा मिळाला. आता बदकाऐवजी मुठी असलेला चेंडू वापरतात.

बैलगाडा शर्यतीत असा बदल शक्य नाही. कारण बैल हाच तिचा मुख्य खेळाडू होय. त्याला वगळल्यास शर्यतच उरत नाही व त्याला क्लेश दिल्यास तिचा कायदेशीर आधार नाहीसा होतो. त्यामुळे या खेळाचे भवितव्य प्रत्येक घाटावर नियम किती काटेकोरपणे पाळले जातात, यावर अवलंबून आहे.