तुटक रेषेवरची सायकल

‘ग्रॅव्हल बाइक’ हा शब्द आपल्याकडे नवा असला तरी वस्तू समजायला सोपी आहे. शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले हँडल आणि साधारण 40 मिलिमीटर रुंदीचे, हवा जरा कमी भरलेले टायर. डांबरावर ती बऱ्यापैकी पळते आणि खडी-मुरमावर घसरत नाही. युरोपात या सायकलींचे पेव फुटले, जागतिक सायकल संघटनेने 2022 पासून त्यांची विश्वविजेतेपद स्पर्धाही सुरू केली. पण स्पर्धेपेक्षा मला कुतूहल आहे ते फ्रान्सच्या खेड्यांतल्या कच्च्या वाटांचे. मोटारीचा आवाज न ऐकता तिथे दिवसभर सायकल चालवता येते. अशा वाटा तिथे टिकल्या कशा, हा प्रश्न घेऊन मी गेली काही वर्षे भोर आणि वेल्हे तालुक्यांत सायकल चालवतो आहे. (वेल्ह्याचे नाव आता राजगड तालुका झाले आहे, एसटीत तिकीट मात्र अजून वेल्ह्याचेच मागतात.)

इथली वाहतूक समजायची तर आधी डोंगर समजला पाहिजे. सह्याद्रीची मुख्य भिंत पश्चिमेला आणि तिच्यापासून पूर्वेकडे निघालेल्या सोंडा. दोन सोंडांमध्ये एकेक नदी, आणि नदीगणिक एकेक मावळ: कानंदीचे कानद खोरे, गुंजवणीचे गुंजण मावळ, वेळवंडीचे वेळवंड खोरे, नीरेकाठचे हिरडस मावळ. शिवकाळातल्या देशमुख्या याच आखणीवर होत्या. गुंजण मावळ शिळिमकरांचे, हिरडस मावळ बांदलांचे. आजचे डांबरी रस्तेही तसेच नदीला धरून पूर्वेकडून आत शिरतात आणि शेवटच्या गावाशी संपतात. भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट सोडला तर या दोन तालुक्यांतून कोकणात जाणारा रुळलेला मोटाररस्ता नाही. मढे घाट, उपांड्या, गोप्या, शेवत्या, बोराट्याची नाळ या साऱ्या पायवाटा. पुढे जायला रस्ताच नाही, म्हणून पुढे जाणारी वाहनेही नाहीत. धरणांनी यात भरच घातली. वेळवंडीवरचे भाटघर धरण 1920च्या दशकातले. त्याच्या पाण्याने खोऱ्याची दोन काठांत फाळणी केली. उन्हाळ्यात पाणी उतरले की कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते. एरवी समोरच्या काठावरचे गाव हाकेच्या अंतरावर दिसते आणि रस्त्याने जायचे तर भला मोठा वळसा.

सायकलवाल्याला हवी असते ती वाट मात्र नदीकाठची नव्हे, खिंडीतली. एका खोऱ्यातून सोंड ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात नेणारी. लेकी दिल्या-घेतल्या, गुरे बाजाराला नेली, जत्रेला देवाची पालखी गेली, ती या वाटांनी. त्यांतल्या काही बैलगाडीपुरत्या रुंद, काही नुसत्या पायाखालच्या. डोंगराचा काळा पाषाण कुजून तयार झालेला मुरूम हाच त्यांचा पृष्ठभाग. मुरमाचा कण टोकदार असतो आणि त्यात थोडी चिकणमाती असते. गुरांच्या खुरांखाली आणि गाडीच्या चाकाखाली तो असा काही बसतो की रोलर फिरवल्यासारखा. मात्र पावसाळ्यात तीच चिकणमाती चाकांत भरते आणि चैत्र-वैशाखात फुफाटा होतो. म्हणून खरा हंगाम भातकापणी झाल्यापासून होळीपर्यंतचा. वेल्ह्याहून पासलीमार्गे केळदकडे, किंवा राजगडाच्या मागच्या अंगाला भुतोंडे खोऱ्यात, डांबरी रस्ता सोडून बाजूला वळले की तासतासभर समोरून येते ते फक्त शेळ्यांचे खांड.

या वाटा कुणाच्या? फ्रान्समध्ये ‘शमँ र्‍युराल’, म्हणजे ग्रामीण वाट, हा कायद्याने मानलेला स्वतंत्र प्रकार आहे. जमीन गावाच्या नगरपालिकेच्या मालकीची, वापर सर्वांचा. ती वाट लोकांसाठी आहे हे सिद्ध करायला लोक तिथून जातात एवढे दाखवणे पुरते. उलट, लोकांनी वापरणे सोडले तर चौकशी करून गावाला ती विकताही येते. तिथले पदयात्री आणि सायकलवाले वाटांवर सतत चाक आणि पाऊल ठेवतात, त्यामागे हौस आहे तसा हा हिशेबही आहे.

आपल्याकडे असे काही नाही, असा समज मला सायकलवाल्यांत सरसकट आढळतो. तो बरोबर नाही. कुठल्याही गावाचा जुना गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या. त्यावर दुबार तुटक रेषा दिसते तो गाडीरस्ता आणि एकेरी तुटक रेषा दिसते तो पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 यातले कलम 20 सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा सरकारच्या मालकीच्या ठरवते. लगेच पुढचे कलम 21 जनतेला गरज न उरलेली वाट रद्द करण्याचा मार्गही सांगते. म्हणजे इथेही वाट जगते ती वापरावर.

फरक पडतो तो वाट अडवली गेल्यावर. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 यातल्या कलम 5 प्रमाणे तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो, पण दाद मागायची ती शेतात जाणाऱ्याने, आणि तार लागल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सायकलवाल्याला या दारात उभे राहता येत नाही. पलीकडच्या उतारावर ज्याची नाचणी आहे त्याच्या हक्काच्या आधाराने आपण जात असतो, हे एकदा लक्षात आले की त्याच्याशी बोलण्याचा आपला सूरच बदलतो.

वाटांना सध्या दोन्हीकडून धक्का बसतो आहे. एक सिमेंटचा. 2021 पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून शेत आणि पाणंद रस्ते पक्के होत आहेत, आणि 2025 मध्ये शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात करण्याचा निर्णय झाला. याविषयी काही सायकलमित्र हळहळतात. मला ती हळहळ पटत नाही. आजारी माणसाला डोलीतून खाली आणणाऱ्या वाडीने आमच्या टायरांसाठी मुरूम जपावा, ही अपेक्षा शहरी लाडावलेपणाची आहे. नोंद झालेली वाट निदान वाट म्हणून राहते.

दुसरा धक्का तारेचा. पुण्याजवळ म्हणून डोंगरउतार विकले जातात, आणि नव्या मालकाच्या कुंपणात तुटक रेषा बेमालूम जिरून जाते. तो मालक दरवेळी लबाड असतो असेही नाही. त्याला दाखवलेल्या कागदांत गाव नकाशा नव्हताच. म्हणून आता हवेचा पंप आणि जादा ट्यूब यांच्याबरोबर मी नकाशाची प्रतही नेतो. खिंडीतला पट्टा वनखात्याचा असेल तर आधी विचारून घेतो. नवी तार दिसली की दिवस लिहून ठेवतो, कारण सहा महिने त्या दिवसापासून मोजायचे असतात, आणि खालच्या वाडीत जाऊन ज्याचे शेत पलीकडे आहे त्याला सांगतो.

गेल्या मार्गशीर्षात असेच एका आजोबांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतले, चहा मागवला. वाट त्यांना ठाऊक होती, लहानपणी याच वाटेने ते पलीकडे मामाच्या गावी जात. “पण नाचणी करायला माणूस कुठाय आता?” ते म्हणाले. “दोन्ही पोरं हडपसरला. तिकडं वर माझं कुणी जात न्हाई, तर अर्ज करू कशाला?” मग नकाशाची प्रत मात्र मागून घेतली, चष्मा लावला आणि दुबार रेषेवरून बोट फिरवत खिंडीपर्यंत गेले. दिवाळीला पोरे येतील तेव्हा दाखवतो म्हणाले. तारीख मी प्रतीच्या मागे लिहून दिली.