मागील डिफरन्शियलचा बिघाड: कारण सापडल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण होत नाही



आधीच्या पाठांत आपण प्रोपेलर शाफ्ट आणि फायनल ड्राइव्ह यांची ओळख करून घेतली. या पाठात ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे एडब्ल्यूडी, गाडीचा मागील डिफरन्शियल का खराब होतो, बिघाड कसा ओळखायचा आणि दुरुस्ती करताना काय मोजायचे, हे पाहू.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवा. दाते तुटलेला डिफरन्शियल उघडून समोर ठेवला की बिघाड सापडला असे वाटते. पण तो बहुतेक वेळा परिणाम असतो. कारण टायरमध्ये, तेलात, बंद पडलेल्या ब्रीदरमध्ये किंवा आधीच्या चुकीच्या जोडणीत असते. ते तसेच ठेवून नवा संच बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो आणि गाडीमालक एकाच बिघाडाचे पैसे दोनदा भरतो.

१. रचनेची उजळणी

प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला पिनियन असते. ते क्राउन व्हीलला फिरवते. क्राउन व्हील डिफरन्शियल केसला बोल्टने जोडलेले असते. केसमध्ये एका पिनवर छोटे स्पायडर गिअर बसवलेले असतात आणि ते दोन साइड गिअरमध्ये गुंतलेले असतात. साइड गिअरमधून हाफ शाफ्ट चाकांकडे जातात.

गाडी सरळ जाताना आणि दोन्ही चाके सारखी फिरताना स्पायडर गिअर स्वतःच्या पिनवर फिरत नाहीत. केसबरोबर नुसते वाहून नेले जातात. वळणावरच ते पिनवर फिरतात. दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची बेरीज नेहमी केसच्या फेऱ्यांच्या दुप्पट असते. केस मिनिटाला ५०० फेरे घेत असेल आणि एक चाक चिखलात घसरून दुसरे थांबले असेल, तर घसरणारे चाक १००० फेरे घेते. अशा वेळी पिनवरचा स्पायडर गिअर, ज्याला सहसा बेअरिंगही नसते, फार वेगाने फिरतो. अडकलेली गाडी काढताना ॲक्सिलरेटर दाबून धरला, तर पिन आणि थ्रस्ट वॉशर काही मिनिटांत करपू शकतात.

अनेक एडब्ल्यूडी गाड्यांत मागील डिफरन्शियलच्या आधी एक कपलिंग असते. भारतात २०१४ मध्ये आलेल्या रेनो डस्टर एडब्ल्यूडीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे असे कपलिंग होते. स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या अनेक एडब्ल्यूडी गाड्यांत हॅल्डेक्स कपलिंग असते. नेहमीच्या रस्त्यावर जोर मुख्यतः पुढच्या चाकांना जातो. गरज पडली की कपलिंगमधल्या क्लच प्लेट्स दाबल्या जातात आणि मागची चाके कामाला लागतात. त्यामुळे मागून आवाज आला तर तो डिफरन्शियलचा की कपलिंगचा, हा प्रश्न एडब्ल्यूडीत आधी सोडवावा लागतो.

२. टायरमधला छोटा फरक, आत मोठे काम

आपल्याकडे दोनच टायर बदलण्याची पद्धत आहे. दोन चाकांच्या ड्राइव्हमध्ये ती सहसा खपून जाते. एडब्ल्यूडीत काय होते, ते हिशेबानेच पाहू.

२१५/६५ आर१६ मापाचा नवा टायर घ्या. रिमचा व्यास ४०६.४ मिमी आणि टायरच्या भिंतीची उंची सुमारे १४० मिमी. म्हणून त्रिज्या सुमारे ३४३ मिमी. नव्या टायरची खाच ८ मिमी आणि जुन्याची ३ मिमी धरली, तर जुन्याची त्रिज्या ३३८ मिमी. ताशी ८० किमी वेगाला नवा टायर मिनिटाला सुमारे ६१९ फेरे घेईल आणि जुना ६२८. फरक फक्त ९ फेऱ्यांचा.

पहिली शक्यता अशी की टायर फाटला म्हणून मागच्या एकाच चाकाला नवा टायर लावला. आता सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला सतत वळण घेतल्यासारखे वाटते. साइड गिअरला १६ आणि स्पायडरला १० दाते धरले, तर स्पायडर पिनवर मिनिटाला ७.२ फेरे घेतो. आकडा किरकोळ वाटतो. पण १०,००० किमी ताशी ८० च्या वेगाने जायला १२५ तास लागतात आणि तेवढ्यात सुमारे ५४,००० फेरे होतात. पिनवर वेग इतका कमी असतो की तेलाचा चांगला थर तयार होत नाही. धातू धातूवर घासत राहतो.

दुसरी शक्यता: मागचे दोन्ही टायर नवे, पुढचे दोन्ही जुने. आता फरक पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये आहे आणि तो कपलिंगवर येतो. फायनल ड्राइव्हचे प्रमाण ४ धरले, तर प्रोपेलर शाफ्टवर हाच फरक मिनिटाला ३६ फेरे होतो. त्या वेळी कपलिंग २०० न्यूटन-मीटर टॉर्क देत असेल, तर टॉर्क गुणिले कोनीय वेग, म्हणजे सुमारे ७५० वॅट उष्णता प्लेट्समध्ये तयार होते. घरातली इस्त्री कपलिंगच्या आत चालू ठेवल्यासारखेच हे आहे. कपलिंग लॉक केले, तर फरक निघून जायला जागाच उरत नाही. शाफ्ट आणि दात्यांवर पीळ साठत जातो आणि एखादा टायर घसरेपर्यंत तो सुटत नाही.

म्हणून एडब्ल्यूडी गाडी तपासायला आली की आधी चारही टायरचे माप, कंपनी, खाचेची खोली आणि हवेचा दाब लिहून काढा. पाच मिनिटांच्या या कामासाठी एकही नट सोडावा लागत नाही.

३. तेल आणि पाणी

क्राउन व्हील आणि पिनियन हे हायपॉइड प्रकारचे गिअर असतात. पिनियनचा अक्ष क्राउन व्हीलच्या केंद्रातून न जाता सहसा खालून जातो. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतातही. ही घसरण आणि प्रचंड दाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने घातलेले तेल लागते. बहुतेक ठिकाणी एपीआय जीएल-५ दर्जा सांगितलेला असतो. तिथे जीएल-४ किंवा इंजिन ऑइल भरले, तर दात्यांच्या तोंडावर ओरखडे उठतात.

हॅल्डेक्ससारख्या रचनेत कपलिंगचे तेल आणि डिफरन्शियलचे तेल वेगवेगळ्या कप्प्यांत असते. पुढच्या ट्रान्सफर युनिटचे तेल आणखी वेगळे. ‘मागचे तेल बदलले’ असे कोणी म्हटले, तर कोणते, हे विचारायला विसरू नका.

पाण्याचा मार्ग समजून घ्या. लांबचा प्रवास करून गरम झालेली गाडी तुंबलेल्या पाण्यात किंवा ओढ्यात उतरली की हाउसिंग एकदम थंड होते. आतली हवा आकसते. ब्रीदर मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर हवा तिथून आत येते. तो चिखलाने बंद असेल तर सीलच्या कडेने पाणी ओढले जाते. तेल दुधाळ होते आणि बेअरिंगला गंज धरतो. उलट, बंद ब्रीदरची गाडी गरम झाली की आत दाब वाढतो आणि सीलमधून तेल बाहेर येते. अशा वेळी सील बदलून ब्रीदर तसाच ठेवला, तर गळती परत सुरू होते.

४. निदानाचा क्रम

आवाज कशाबरोबर बदलतो, हे आधी पाहा.

• गाडीच्या वेगाबरोबर बदलणारा, ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना वेगळा होणारा घूं घूं आवाज: पिनियन बेअरिंग किंवा क्राउन-पिनियन.
• फक्त वळणावर येणारा आवाज: स्पायडर गिअर, पिन किंवा थ्रस्ट वॉशर.
• डावीकडे-उजवीकडे भार बदलला की कमी-जास्त होणारा, पण ॲक्सिलरेटरने न बदलणारा आवाज: बहुधा चाकाचे बेअरिंग.
• रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलणारा आवाज: टायर.
• गिअर टाकताच येणारा ‘ठक’ आवाज: जास्त बॅकलॅश, झिजलेला जॉइंट किंवा फाटलेले रबर माउंटिंग.
• पार्किंगच्या घट्ट वळणात धक्के खात चालणारी गाडी: कपलिंगच्या प्लेट्स, त्यांचे तेल किंवा टायरमधला फरक.

यानंतर तेल काढा. आधी भरण्याचा प्लग सुटतो का ते पाहा, मगच काढण्याचा प्लग सोडा. नाहीतर तेल निघून गेलेले आणि भरायला वाट नाही, अशी स्थिती होते. चुंबकीय प्लगवर करडी, मऊ पेस्ट दिसणे नेहमीचे आहे. चकचकीत पापुद्रे किंवा दात्याचा तुकडा दिसला तर हाउसिंग उघडलेच पाहिजे.

तुटलेला दाता फेकून देऊ नका. सगळा तुटलेला पृष्ठभाग सारखाच खरखरीत असेल, तर तो एकाच जोराच्या झटक्याने तुटला असावा. एका बाजूला गुळगुळीत, लाटांसारख्या रेषा आणि उरलेला भाग खरखरीत असेल, तर तडा बरेच दिवस वाढत होता. पहिल्या प्रसंगी गाडी कशी चालवली ते विचारा. दुसऱ्या प्रसंगी जोडणी आणि भार यांचा माग घ्या.

सुरक्षेची सूचना: एडब्ल्यूडी गाडीची दोनच चाके जॅकवर उचलून इंजिनने फिरवू नका. जमिनीवरच्या चाकांना जोर गेला तर गाडी जॅकवरून उडी घेते. बंद पडलेली गाडी दोन चाके जमिनीवर ठेवून ओढू नका. चारही चाके उचलून फ्लॅटबेडवरून न्या.

५. दुरुस्तीतील मोजमापे

क्राउन व्हील आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून जुळवलेले असतात. म्हणून एक खराब झाले तरी जोडीच बदलावी लागते. जोडणीचा क्रम असा असतो: पिनियनची खोली, पिनियन बेअरिंगचा प्रीलोड, बॅकलॅश आणि शेवटी दात्यांचा ठसा.

पिनियनची खोली शिमने ठरते. प्रीलोड म्हणजे बेअरिंगवर आधीच दिलेला दाब. पिनियन फिरवायला लागणाऱ्या टॉर्कवरून तो मोजतात. अनेक गाड्यांत त्यासाठी चेपणारी स्लीव्ह असते. नट गरजेपेक्षा जास्त आवळला, तर तो मागे फिरवून काम भागत नाही, कारण स्लीव्ह आधीच चेपलेली असते. नवी स्लीव्ह टाकून पुन्हा सुरुवात करावी लागते. नुसते पिनियन सील बदलतानाही हा नट सुटतो. म्हणून नट सोडण्याआधी फिरण्याचा टॉर्क मोजून नोंदवा. अंदाजाने नट आवळलेले ‘साधे सीलचे काम’ पुढे बेअरिंग जाळू शकते.

बॅकलॅश डायल गेजने क्राउन व्हीलच्या निदान चार जागी मोजा. प्रवासी गाड्यांत तो साधारण ०.१३ ते ०.२० मिमीच्या आसपास सांगितलेला असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्या. जागोजागी आकडा फार बदलत असेल, तर क्राउन व्हील वाकडे आहे किंवा त्याच्या बैठकीत कचरा अडकला आहे. बॅकलॅश बदलताना एका बाजूची जितकी शिम काढाल तितकीच दुसरीकडे घाला, म्हणजे साइड बेअरिंगचा प्रीलोड कायम राहतो.

शेवटी दात्यांना रंग लावून गिअर फिरवा आणि ठसा पाहा. तो दात्याच्या मध्याजवळ हवा. पिनियन जास्त आत असेल तर ठसा दात्याच्या मुळाकडे उतरतो. कमी आत असेल तर माथ्याकडे चढतो. क्राउन व्हील पिनियनच्या जवळ आणले की बॅकलॅश घटतो आणि ड्राइव्ह बाजूचा ठसा दात्याच्या आतल्या टोकाकडे सरकतो. दूर नेले की बाहेरच्या टोकाकडे. बॅकलॅश बरोबर असूनही पिनियनची खोली चुकलेली असू शकते. ही चूक फक्त ठसाच दाखवतो, म्हणून ही पायरी कधीही गाळू नका.

६. सारांश

तुम्ही उद्या सर्व्हिस सेंटरमध्ये, विमा कंपनीच्या पाहणीत किंवा डिझाइन विभागात काम कराल. तिघांनाही एकच प्रश्न सोडवायचा असतो: हा भाग त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त काम का करत होता? त्याचे उत्तर जॉब कार्डवर लिहिता आले, तरच दुरुस्ती पूर्ण झाली असे समजा. ‘डिफरन्शियल बदलला’ ही नोंद अपुरी आहे. ‘ब्रीदर बंद, तेलात पाणी, पिनियन बेअरिंगला गंज, बेअरिंग व सील बदलले, ब्रीदर साफ केला’ ही नोंद पुढच्या मेकॅनिकलाही उपयोगी पडते.

स्वाध्याय

१. वरच्या उदाहरणात जुन्या टायरची खाच ६ मिमी असेल, तर ताशी ८० किमीला फेऱ्यांतला फरक किती? फायनल ड्राइव्हचे प्रमाण ४ असताना प्रोपेलर शाफ्टवर तो किती होईल?

२. बॅकलॅश पुस्तिकेप्रमाणे आहे, पण ठसा दात्याच्या माथ्याकडे आहे. कोणती शिम बदलाल आणि कोणत्या दिशेने? त्यानंतर कोणती मोजमापे पुन्हा घ्यावी लागतील?

३. एका गाडीचे पिनियन सील सहा महिन्यांत दोनदा गळले. तिसरे सील बसवण्यापूर्वी तपासायच्या किमान तीन गोष्टी कारणांसह लिहा.