सर्पगंधा: बीपी उतरवणारी मुळी

हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्या कुणाला बीपी निघाला की घरात दोन सल्ले पोहोचतात. दवाखाना सांगतो, रोज गोळी घ्या. बाजारातला जडीबुटीवाला सांगतो, सर्पगंधेची भुकटी घ्या, बीपी खाली येईल. दुसरा सल्ला खोटा नाही. सर्पगंधेने रक्तदाब खरोखरच उतरतो, आणि म्हणूनच ती बेतानेच घ्यायची वस्तू आहे.

हे जगाला पटवून देणारा माणूस आपल्याच राज्यातला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांना ही मुळी देऊन निरीक्षणे नोंदवली आणि 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी 1931 मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीही या गुणाबद्दल लिहिले होते, पण पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष वळले ते वकिलांच्या निबंधाने. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळे केले. 1957 मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. हे नाव आपल्या शाळांत फारसे ऐकू येत नाही, याचे वाईट वाटते.

रेसरपिन काम कसे करते? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत नॉरअॅड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही रसायने साठवलेली असतात. रेसरपिन या पिशव्या भरण्याची वाटच अडवते. साठा आटतो, रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, दाब उतरतो. मात्र हे औषध मेंदूतही पोहोचते आणि तिथला साठाही आटवते. मग सुस्ती येते; मेंदूबाहेरच्या परिणामाने नाक चोंदते, जुलाब होतात. जास्त मात्रेत खोल उदासी आणि कंपवातासारखा ताठरपणा. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसरपिन देऊन निश्चल झालेल्या सशांना, ज्यापासून डोपामिन बनते ते एल-डोपा दिले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. 1957 च्या या प्रयोगातून कंपवाताच्या उपचाराला दिशा मिळाली, आणि 2000 साली कार्लसन नोबेलचे मानकरी ठरले.

आता मात्रेचे बघू. रेसरपिनची रोजची मात्रा साधारण पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. अख्ख्या मुळीच्या भुकटीच्या गोळ्या अमेरिकेत मिळत, तेव्हा दिवसाला 200 ते 400 मिलिग्रॅम दिली जाई. घरातला सपाट चमचाभर चूर्ण दोन-तीन ग्रॅम तरी भरते. शिवाय मुळीतले औषधी घटक झाडाचे वय, जमीन आणि ऋतूप्रमाणे कमीजास्त होतात, आणि बाजारात याच कुळातल्या दुसऱ्या झाडांची मुळे मिसळलेली असतात. सुट्या पुडीत नेमके किती औषध आहे, हे विकणाराही सांगू शकत नाही. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर धीर सुटून मात्रा वाढवली जाते. औषध थांबवल्यावरही परिणाम बराच काळ टिकतो.

उदासीनतेचा आजार आधी झालेल्यांनी, पोटात व्रण असलेल्यांनी, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी ही मुळी टाळावी. दवाखान्यातली बीपीची गोळी चालू असताना वरून ती घेतल्यास दाब धोकादायकपणे खाली जाऊ शकतो. नावात सर्प असला, तरी सापाच्या विषावर मात्र तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही. पावसाळ्यात शेतात कुणाला साप चावला, तर मुळी उगाळत बसू नका. थेट सरकारी रुग्णालय गाठा, प्रतिविष तिथे मिळते.

आणि घरात कुणी सर्पगंधा घेतच असेल, तर एकदम गोळ्या बदलू नका, लपवूही नका. ती पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. कधीपासून घेता, किती घेता, ते सांगा आणि बीपी मोजून घ्या.